पारव्यांना दाणे : पुण्य की परपीडा?

देवळाच्या जागेत दुकानांची इमारत उभारावी आणि तिच्या भाड्यातून नंदादीपाचे तेल, पुजाऱ्याचे वेतन व उत्सवाचा खर्च भागवावा, ही व्यवस्था आता आमच्या समाजात सर्वत्र रूढ झाली आहे. तळमजल्यावर कापडवाला, औषधवाला आणि एखादे उपाहारगृह. वर वकील, डॉक्टर, पतपेढी. दर्शनी भागास सज्जे, सज्ज्यांवर नावांचे मोठाले फलक, फलकांच्या मागे वीतभर पोकळी आणि त्या पोकळीत पारवे. गोव्यातील देवस्थान असो, बेळगावची पेठ असो, इंदूर, ग्वाल्हेर वा बडोदे असो, हे चित्र आमच्या वाचकांस नवे नाही. सकाळी दुकान उघडताच मालक पसाभर ज्वारी फरशीवर फेकतो, हात जोडतो आणि गल्ल्यावर जाऊन बसतो. तासाभराने झाडूवाली येते. मालकाच्या पुण्यकर्माचा जो पांढरा शेष फरशीवर, पायऱ्यांवर आणि कठड्यावर वाळून बसलेला असतो, तो खरवडून काढणे हे तिचे काम. त्याची धूळ तिच्या नाकातोंडात जाते. फुले विकणारी बाई त्याच सज्ज्याखाली दिवसभर बसलेली असते. तिने टोपलीवर आच्छादन घातलेले असते, पण स्वतःवर काय घालावे?

आमचा प्रश्न एवढाच आहे की, हे पुण्य जमा कोणाच्या खात्यावर होते आणि खर्ची कोणाच्या पडते?

हा प्रश्न विचारताच दोन्ही बाजूंचे लोक आमच्यावर तुटून पडतील, हे आम्ही जाणून आहो. एक पक्ष म्हणेल की मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढावयास हे निघाले. दुसरा पक्ष म्हणेल की एवढे पाल्हाळ कशाला, जाळी मारा, चिकट लेप लावा, विष घाला आणि मोकळे व्हा. पहिल्या पक्षास धर्म ठाऊक नाही आणि दुसऱ्यास पारवा ठाऊक नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम पारव्याविषयी. मराठीत पारवा, कोंकणीत पारवो; हा मूळचा कडेकपारींचा रहिवासी. सह्याद्रीचे कडे, किल्ल्यांचे पडके बुरूज, जुन्या आडांच्या भिंतींतील कोनाडे ही त्याची घरे. झाडाच्या फांदीवर घरटे बांधण्याची त्याची प्रकृती नाही. त्यास हवी असते अरुंद, सपाट आणि आडोशाची कपार. आम्ही सिमेंटची जी इमारत बांधतो, ती त्याच्या दृष्टीने एक कडाच असते, आणि खऱ्या कड्याहून सोयीचा, कारण येथे ससाणा नाही आणि खाली दाणे आहेत. हैदराबादचे मोअज्जमजाही मार्केट किंवा बडोद्याचे 1906 साली उभे राहिलेले खंडेराव मार्केट पाहावे. त्या देखण्या कमानींत, झरोक्यांत आणि छज्ज्यांत बसावयाच्या जागा किती, हे मोजू लागल्यास दिवस पुरणार नाही. तो पक्षी आमच्या घरी आगंतुक म्हणून आलेला नाही. त्याच्यासाठी घर बांधून, ताट वाढून, त्यास आमंत्रण आम्हीच दिले आहे.

पारव्याची मादी एका वेळी दोन अंडी घालते. सतरा ते एकोणीस दिवसांत पिले बाहेर पडतात आणि महिनाभरात उडू लागतात. पुष्कळ पक्ष्यांना पिलांसाठी किडे शोधावे लागतात, म्हणून त्यांची वीण ऋतूशी बांधलेली असते. पारव्याचे तसे नाही. नर आणि मादी दोघेही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा रस पिलांस भरवितात, आणि तो रस दाण्यांवर तयार होतो. म्हणजे बारा महिने दाणे मिळाले की बारा महिने वीण चालू. पहिली पिले घरट्यात असतानाच दुसरी अंडी घातली जातात. पसाभर ज्वारीने एका भुकेल्या पारव्याची भूक भागते, हा समज येथेच कोसळतो. त्या ज्वारीने पुढील वर्षीचे आणखी भुकेले पारवे जन्मास येतात. 2023 साली देशभरातील पक्ष्यांच्या स्थितीवर जो मोठा अहवाल निघाला, त्यात अनेक जातींची घसरण नोंदलेली असताना पारव्याची संख्या मात्र ठळकपणे वाढलेली दिसते, यात आम्हांस नवल वाटत नाही.

आता धर्माचा विचार करू, कारण दाणे फेकणारा प्रत्येक गृहस्थ शेवटी धर्माच्याच आश्रयास जातो.

आमच्या परंपरेत प्राण्यांस अन्न देण्याची आज्ञा आहे, हे निःसंशय. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ तो हाच. परंतु त्याची रीत काय आहे? स्वतःच्या घरी, स्वतःसाठी शिजलेल्या अन्नातून, स्वतः जेवावयास बसण्यापूर्वी काढलेला लहानसा भाग. गोग्रास एक घास असतो. काकबली एक घास असतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हा बली ज्यांच्यासाठी भूमीवर हळुवार ठेवावयास सांगितला आहे, त्यांत श्वान, कावळे आणि कृमी आहेत. आणि त्याच श्लोकात रोगग्रस्त मनुष्यही आहे. म्हणजे ज्यास फुफ्फुसाचा विकार जडला आहे तो शेजारी आणि कावळा एकाच पंक्तीस बसविलेले आहेत. दुकानातून पन्नास किलोचे पोते आणून सार्वजनिक रस्त्यावर ओतावे आणि शेजाऱ्याच्या खिडकीची पर्वा करू नये, ही आज्ञा कोणत्या सूत्रात आहे ते आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

शिबी राजाची कथा या वादात हटकून पुढे केली जाते. ती कथा आम्हांसही प्रिय आहे. पण सांगणारे तिचा प्राण गाळून ती सांगतात. शरण आलेल्या कपोतासाठी शिबीने ससाण्यास मांस दिले ते स्वतःच्या शरीराचे. शेजाऱ्याच्या मांडीचा लचका तोडून त्याने तराजूत टाकला असता, तर महाभारतकारांनी त्याची कथा सांगितली असती काय? जो धनिक आपल्या बंगल्याच्या काचा लावून घेतो आणि दाणे टाकण्यासाठी मोटारीतून बाजारपेठेत येतो, त्याने शिबीचे नाव घेऊ नये.

आणखी एक गोष्ट या पुण्यवंतांच्या ध्यानी नसते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत कपोतास स्थान दिले आहे आणि एकनाथमहाराजांनी त्यावर सविस्तर निरूपण केले आहे; पण तेथील धडा अति मोहाचा आहे, खाऊ घालण्याचा नव्हे. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 165 वे सूक्त तर कपोताविषयीच आहे. घरात शिरलेला हा पक्षी निर्ऋतीचा दूत समजून, त्याने आमच्या माणसांस व गुरांस इजा करू नये आणि त्यास घराबाहेर घालवावे, अशी प्रार्थना त्यात आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात अशा प्रसंगी त्याच सूक्ताने होम करावयास सांगितले आहे. आम्ही शकुनापशकुन मानणाऱ्यांपैकी नाही, आणि पारवा अशुभ आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु पारव्यास घरापासून दूर ठेवणे म्हणजे अधर्म, असे जे उच्चरवाने सांगतात, त्यांनी निदान वेद तरी आपल्या बाजूचा आहे असे भासवू नये.

रोगाविषयी बोलताना अतिशयोक्ती करू नये, म्हणून मोजकेच सांगतो. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जात राहिल्यास काही माणसांच्या शरीराची प्रतिकारशक्तीच फुफ्फुसावर उलटते. फुफ्फुस सुजते, हळूहळू निबर होते, आणि एकदा तंतू धरले की ते पूर्ववत होत नाही. प्रथम कोरडा खोकला, मग जिना चढताना धाप. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय नोंदणीत अशा प्रकारच्या फुफ्फुसविकारांचे 27 केंद्रांतील 1084 रुग्ण होते, आणि त्यांपैकी सुमारे 47 टक्के रुग्णांचा विकार याच अतिसंवेदनजन्य जातीचा निघाला. हे सर्व पाप पारव्याचे नव्हे. त्या नोंदणीत बुरशी धरलेल्या कूलरचा वाटा फार मोठा होता, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येकास हा विकार होत नाही, हेही खरे. परंतु ज्यास होतो तो बहुधा दाणे टाकणारा नसतो. जो धुळीत उभा राहतो त्यास तो होतो, आणि धुळीत कोण उभे राहते ते वर सांगितलेच आहे.

2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत जे घडले ते सर्वांनी वाचले असेल. शहरातील 51 कबूतरखाने बंद करावयाचे राज्य शासनाने विधान परिषदेत सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने दाणे टाकण्यावरील बंदी उठविण्यास नकार देऊन लोकांचे आरोग्य श्रेष्ठ असल्याचे बजावले. महापालिकेने दादरच्या कबूतरखान्यावर ताडपत्री घातली आणि 6 ऑगस्ट रोजी जमावाने ती फाडून काढली. पुढे तो वाद जैन विरुद्ध मराठी असा रंगविण्यात आला. आम्हांस हे रंगकाम अत्यंत अप्रामाणिक वाटले. आमच्या देवळांच्या दारात ज्वारीच्या पुड्या विकावयास बसलेला माणूस कोणाच्या परवानगीने बसतो? अमावास्येस आणि पितृपक्षात गच्चीवर तांदूळ पसरणारी मंडळी कोण? शेजारच्या समाजाकडे बोट दाखवून स्वतःची गच्ची झाकता येत नाही. आणि ताडपत्रीविषयी म्हणावयाचे तर, वर्षानुवर्षे हजारो पक्ष्यांना एका ठिकाणी सवय लावावयाची आणि एका सकाळी ती जागा झाकून टाकावयाची, ही रीतही आम्हांस मान्य नाही. जी चूक शंभर वर्षे पोसली ती एका रात्रीत पुसण्याचा आव आणला की दंगाच होतो.

मग मारावे काय? ज्यांचा हा सल्ला आहे त्यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल शहराचा अनुभव पाहावा. तेथे 1961 ते 1985 या काळात सुमारे 1 लाख पारवे मारण्यात आले, आणि इतके करून शहरातील संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली. कारण मेलेल्यांची जागा आणि त्यांचे दाणे उरलेल्यांच्या पिलांस मिळत गेले. 1988 पासून तेथील जाणत्यांनी मार्ग पालटला. दाणे घालणे ही दया नसून पक्ष्यांची दाटी, रोगराई आणि हाल वाढविणारी गोष्ट आहे, हे नागरिकांस पत्रकांतून आणि सभांतून पटवून दिले; त्याबरोबर काही देखरेखीच्या ढाबळी बांधून तेथील अंडी काढून घेतली. ही शेवटची रीत आमच्या पुष्कळ वाचकांस रुचणार नाही आणि ती उचललीच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. परंतु चारएक वर्षांत संख्या निम्म्यावर आली, आणि ती मुख्यतः दाणे कमी झाल्याने आली. जे काम बंदुकीने चोवीस वर्षांत झाले नाही, ते ओंजळ आखडल्याने झाले. लंडनच्या ट्राफल्गार चौकात 2003 साली दाणे घालण्यास बंदी झाली, त्याआधी दाणे विकणाऱ्याचा परवाना काढून घेण्यात आला होता. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातही 2008 साली दाणे विकणे बंद झाले. ही दोन्ही शहरे पारव्यांच्या थव्यांसाठी प्रवाशांत प्रसिद्ध होती. दाण्यांचा धंदा आवरल्यावाचून काही होणार नाही, हे त्यांस कळून चुकले.

आमच्याकडे मात्र देवस्थान समितीकडे तक्रार आली की प्रथम ठेकेदारास बोलावणे जाते. ठेकेदार पिशवी उघडतो आणि एकेक चीज बाहेर काढतो. प्लास्टिकचे घुबड : पारवे आठवड्याभरात त्याच्या डोक्यावर बसतात. चकाकणाऱ्या चकत्या : तीच गत. कानास ऐकू न येणारा आवाज काढणारे यंत्र : ज्या स्वरास माणूस ऐकत नाही तो पारवाही ऐकत नाही, म्हणून ते यंत्र केवळ विजेचे बिल वाढविते. काटेरी पट्ट्या नीट बसविल्या तर उपयोगी पडतात. अंतर सोडून बसविल्या तर पारवा त्याच काट्यांत काड्या अडकवून अधिक पक्के घरटे बांधतो. चिकट लेप हा तर निव्वळ क्रूरपणा आहे. त्यात लहान चिमण्यांची पिसे चिकटतात आणि त्या फडफडत मरतात. विषाविषयी बोलावयासच नको. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि तो नसता तरी देवाच्या इमारतीवर विष ठेवणाऱ्यास आम्ही विश्वस्त म्हटले नसते.

जाळी ही खरी उपयोगाची वस्तू. पण तिची जी दुर्दशा आमच्या इमारतींवर दिसते, ती पाहून मान खाली जाते. सैल बांधलेली, उन्हाने कुजलेली, एका कोपऱ्यास फाटलेली जाळी म्हणजे पक्ष्यांसाठी फासच. आत शिरलेला पारवा बाहेर पडू शकत नाही. पाय गुंतून उलटा लोंबकळतो आणि खालून लोक पाहत जातात. ज्या समितीने जाळी बसविली तिनेच तिची वर्षातून दोनदा तपासणी केली पाहिजे, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा नंतर. पारव्यासाठी सुमारे 50 मिलिमीटरची घरे पुरतात; जाळी चारही बाजूंनी ताणून, तारेवर बांधून घ्यावी. आणि बसविण्यापूर्वी आत अंडी वा पिले नाहीत ना, हे शिडी लावून पाहावे. असल्यास महिना-दीड महिना थांबावे. पिलांसकट कोंडून टाकणारी जाळी आणि विष, यांत आम्हांस फरक दिसत नाही.

खरे काम जाळीच्या आधीचे आहे, आणि ते स्वस्तही आहे. सज्ज्याच्या कडेस 45 अंशांचा वा त्याहून अधिक उतार दिला की पारव्याचा पाय ठरत नाही. गवंड्याचे दोन दिवसांचे काम. फलकांच्या मागील पोकळ्या पत्र्याने बंद कराव्यात. वातानुकूलन यंत्रांच्या मागील कोनाडे झाकावेत. उपाहारगृहाने खरकटे झाकणाच्या पिंपात ठेवावे. पन्हळी मोकळ्या कराव्यात, नाही तर विष्ठेने तुंबलेले पाणी स्लॅबमध्ये मुरते आणि भाडेकरू भाडे थकवावयास निमित्त शोधतो. जुन्या देवळांच्या चुन्याच्या गिलाव्यास आणि संगमरवरास तर ही विष्ठा खातेच. आणि साफसफाई कधीही कोरड्या झाडूने करू नये. प्रथम पाणी शिंपडून भिजवावे, काम करणाऱ्या बाईस तोंडावर बांधावयास चांगला मुखवटा आणि हातमोजे द्यावेत, आणि त्यांचे पैसे तिच्या पगारातून कापू नयेत. हे शेवटचे वाक्य लिहिण्याची वेळ आमच्यावर यावी, याचे आम्हांस वाईट वाटते.

‘दाणे बंद केले तर पारवे उपाशी मरतील’ हा आक्षेप प्रामाणिक लोकही घेतात, म्हणून त्यास उत्तर देणे प्राप्त आहे. पारवा हा काही पिंजऱ्यातला पोपट नव्हे. तो कोसभर दूरच्या शेतांवर, खळ्यांवर आणि धान्यबाजारात चरून परत येतो. त्याने हजारो वर्षे असेच पोट भरले आहे. अन्न कमी झाले की प्रथम त्याची वीण कमी होते. तरीही ज्यांच्या मनास हे पटत नाही, त्यांनी दाणे दर महिन्यास थोडेथोडे घटवीत सहा महिन्यांत थांबवावेत. उन्हाळ्यात मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे. पाण्यास आमची हरकत नाही, भांडे रोज घासले म्हणजे झाले. घरच्या पानातला काकबली चालू ठेवावा. ज्यांस पोत्यानेच दान करावयाचे आहे, त्यांच्यासाठी अन्नछत्रे आहेत, गोशाळा आहेत, आणि जखमी पक्ष्यांवर उपचार करणारी रुग्णालये आहेत, ज्यांस औषधांसाठी पैसे नेहमीच अपुरे पडतात.

समित्यांची खरी अडचण निराळीच आहे आणि ती कोणी उघड बोलत नाही. देवळाच्या दारातील दाणे विकण्याच्या जागेचा दरवर्षी लिलाव होतो. गोव्याकडे ज्यास पावणी म्हणतात तोच. तिचे उत्पन्न हिशेबाच्या वहीत एका ओळीत येते. सज्जे धुणे, पन्हळी साफ करणे, रंग लावणे, जाळी बदलणे हा खर्च मात्र चार निरनिराळ्या शीर्षकांखाली विखुरलेला असतो, त्यामुळे एका ओळीची मिळकत आणि चार ओळींचा खर्च शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे कोणास सुचत नाही. खजिनदारांनी एकदा ते करून पाहावे. आणि दुकानांचे नवे करारपत्र लिहिताना त्यात एक कलम घालावे की दुकानासमोर वा गच्चीवर भाडेकरूने दाणे टाकू नयेत. भाडेवाढीची कलमे लिहिताना आमचे विश्वस्त इतके सूक्ष्मदर्शी असतात की हे एक कलम त्यांस जड जाऊ नये.

पुढील महाजनसभेच्या वा विश्वस्तसभेच्या विषयपत्रिकेत दाणेवाल्याच्या जागेचा विषय येईलच. तो लिलाव या वर्षी पुकारू नये आणि त्या माणसास फुले वा उदबत्त्या विकण्यास दुसरी जागा द्यावी, अशी लेखी सूचना एका तरी सभासदाने सभेपूर्वी द्यावी. आणि त्या विषयावर चर्चा सुरू होईल तेव्हा इमारत झाडणाऱ्या बाईस सभेत बोलावून, खुर्ची देऊन, तिचे म्हणणे प्रथम ऐकून घ्यावे.